पावसाळ्यात पेटी, की इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड? भजनी मंडळासाठी सल्ला हवा

खाडीपलीकडे

नमस्कार मंडळी. आमचे गाव देवगड तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. गावच्या भजनी मंडळाकडे सागवानाची, खर्ज-नर (खालच्या व मधल्या सप्तकाच्या) सुरांची एक जुनी पेटी आहे. आषाढ लागला की तिच्या काही पट्ट्या दाबल्यावर वर येत नाहीत, एखाद-दुसरा सूर दबका बोलतो, आणि भाद्रपदात तिला आरत्या-भजनांसाठी घरोघरी फिरावे लागते तेव्हा नेमकी तिची अवस्था सर्वांत वाईट असते.

यंदा मुंबईकर मंडळींनी वर्गणी काढून इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड देण्याचे ठरवले आहे. त्यात लाकूड फुगत नाही आणि सूर उतरत नाही, तेव्हा कटकट कायमची मिटेल, असे त्यांचे म्हणणे आहे. आमच्या बुवांना ते मान्य नाही. "त्या यंत्रावर माझा गळा बसत नाही," एवढेच ते सांगतात. का, ते सांगत नाहीत. मला त्यांचे म्हणणे निव्वळ हट्टाचे वाटत नाही, परंतु बैठकीत ते पटवून देण्यासाठी लागणारे शास्त्र माझ्याजवळ नाही. दमट हवेने पेटीत नेमके काय बिघडते, कीबोर्डला खारी हवा खरोखरच लागत नाही का, आणि दोहोंच्या आवाजातील फरक सवयीचा आहे की मोजता येण्याजोगा आहे, हे जाणकारांनी सांगावे.

रिकामा भाता

आमच्या गावात दोन पेट्या आणि एक कीबोर्ड आहे. "पेटी गावता, पन वाजवणारो गावणा नाय," हा आमचा प्रश्न आहे. त्यावर कोणी वर्गणी काढत असेल तर कळवावे.

सुतारपक्षी

पेट्या दुरुस्त करणे हा आमच्या घरचा धंदा आहे, म्हणून पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. पट्टी अडकणे आणि सूर दबका होणे ही दोन वेगळी दुखणी आहेत. लोक दोन्हींना मिळून "पेटी बसली" म्हणतात आणि तिथून उपचार चुकत जातो.

पट्टीचे दुखणे लाकडाचे आहे. लाकूड ओलावा शोषते तेव्हा ते रेषांच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, आडवे मात्र फुगते. पट्टीच्या रेषा तिच्या लांबीच्या दिशेने असल्यामुळे पट्टी लांब होत नाही, ती रुंद होते आणि शेजारच्या पट्टीला घासते. खालची कमानी जुनी व गंजलेली असेल, तर त्या घर्षणापुढे तिचा जोर पुरत नाही आणि पट्टी खालीच राहते. अशा वेळी पट्टीच्या कडा तासून घेण्याचा मोह होतो, पण तो आवरावा. श्रावणात तासलेली पट्टी माघात आकसली की दोन पट्ट्यांमध्ये नख जाईल एवढी फट पडते आणि वाजवताना खडखडाट होतो. खोबरेल तेल तर मुळीच सोडू नये. ते लाकडात मुरते, त्यावर धूळ बसते आणि पुढच्या पावसाळ्यात त्याचा चिकट थर होतो. पट्ट्या काढून क्रमाने मांडाव्यात, कोरड्या जागी ठेवाव्यात, कमानीचा ताण पाहावा आणि कडांना शिसपेन्सिलीचे शिसे चोळावे. बहुतेक पेट्यांना एवढे पुरते.

भात्याचे कापड, कातडे आणि सरसाने चिकटवलेले सांधे यांचे दुखणे तिसरे आहे. सरस ओलाव्याने मऊ पडतो, सांधा सुटतो आणि हवा गळू लागते. पट्टी न दाबता भाता भरून पाहावा. तो लवकर रिकामा होत असेल तर दोष सुरात नसून गळतीत आहे.

मृगनक्षत्र

सुतारपक्षी यांनी सुरांचे दुखणे अर्ध्यावर सोडले आहे, ते पुढे नेतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि ध्वनीच्या प्रकरणासाठी दरवर्षी एक मोडकी पेटी वर्गात उघडतो.

पेटीचा सूर म्हणजे पितळी पट्टिकेतील खाचेवर एका टोकाला रिबेट मारून बसवलेली पितळेचीच पातळ जीभ होय. मोकळे टोक खाचेतून वर-खाली जाऊ शकेल इतकीच, जेमतेम केसाएवढी, फट कडेने ठेवलेली असते. भात्याची हवा या खाचेतून जाऊ लागली की जीभ कंप पावते आणि हवेचा झोत सेकंदाला शेकडो वेळा अडवते व सोडते. आपण ऐकतो तो मुख्यतः या तुकड्या-तुकड्याने सुटणाऱ्या हवेचा आवाज असतो. जीभ नुसती नखाने छेडून पाहा, आवाज जेमतेम येतो.

टेबलाच्या कडेबाहेर काढून छेडलेल्या फूटपट्टीचे जे गणित, तेच या जिभेचे आहे. लांबी निम्मी केली तर कंपनसंख्या चौपट होते आणि जाडी दुप्पट केली तर ती दुप्पट होते. टोकाकडचे पितळ किंचित घासले तर वजन घटते व सूर चढतो. मुळाकडे घासले तर ताठपणा घटतो व सूर उतरतो. पेटी सुरात लावण्याची सारी कारागिरी या दोन क्रियांत आहे. खाऱ्या हवेने टोकावर हिरवट थर धरला की वजन वाढते, म्हणून सूर उतरतो. तोच थर किंवा एखादा धुळीचा कण फटीत शिरला की जीभ कडेला घासते आणि सूर दबका किंवा चिरका होतो.

हवामानाचा परिणाम पेटीच्या स्वरस्थानांवर मात्र फारसा होत नाही. बासरीची किंवा चर्चमधील पाइप ऑर्गनची गोष्ट निराळी आहे. तिथे नळीतील हवेचा स्तंभ स्वर ठरवतो, आणि हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो, त्यामुळे दर अंश सेल्सिअसला स्वर सुमारे ३ सेंट चढतो (१२ स्वरांच्या सप्तकात लगतच्या दोन स्वरांतील अंतर १०० सेंट धरतात). पेटीत पितळच स्वर ठरवते, म्हणून सकाळी लावलेली पेटी दुपारी बहुतेक तशीच राहते.

वीजतंत्री

आता दुसरी बाजू. मुंबईकरांचे "कटकट कायमची मिटेल" हे म्हणणे मला धाडसाचे वाटते. रत्नागिरीत इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुरुस्ती करताना पावसाळ्यानंतर जे कीबोर्ड समोर येतात, त्यांपैकी बऱ्याचशांची तक्रार एकच असते: काही स्वर वाजतच नाहीत, आणि काही हळू दाबले तरी एकदम जोरात वाजतात.

कारण असे की साधारण कीबोर्डात प्रत्येक पट्टीखाली रबराची घुमटी असते आणि तिच्या आत कार्बनच्या दोन टिकल्या असतात. पट्टी दाबली की पहिली टिकली सर्किट बोर्डावरील संपर्काला आधी टेकते, दुसरी क्षणभराने टेकते. या दोन टेकण्यांमधील वेळ यंत्र मोजते आणि त्यावरून पट्टी किती वेगाने दाबली ते ठरवते. तो वेग मिडी (विजेच्या वाद्यांच्या सामाईक संकेतभाषा) पद्धतीत १ ते १२७ या आकड्यांत सांगितला जातो. समुद्रकाठी या संपर्कांवर मिठाचा व धुळीचा पातळ थर बसतो. दुसऱ्या संपर्कावर तो बसला तर स्वर मुका होतो, पहिल्यावर बसला तर वेळेचे मोजमाप चुकते आणि स्वर भलत्याच जोराने येतो. खोलून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने संपर्क पुसून हे बहुधा दुरुस्त होते, पण ते काम गावातल्या ओसरीवर होण्यासारखे नाही. पेटीचा एक सूर बंद पडला तर बुवा तो टाळून भजन रेटून नेतात. कीबोर्डाचा अडॅप्टर किंवा मुख्य बोर्ड गेला तर सगळेच स्वर एका वेळी जातात.

आणि भाद्रपदात आरतीच्या वेळी वीज असतेच, असे गृहीत धरणाऱ्यांनी कोकणात अलीकडे गणपती केलेला नसावा.

चिवला बीच

मी मुंबईकर वर्गणीदारांच्या बाजूने लिहितो. बॅटरीवर चालणारे कीबोर्ड मिळतात. ते हलके असतात. डोंगरउतारावरच्या वाडीत रात्री पावसातून पेटी डोक्यावर वाहून नेणाऱ्या मुलांना एकदा विचारा. शास्त्र जरूर पाहावे, परंतु मंडळात नव्याने येणारी मुले कीबोर्डाकडे ओढली जातात, ही वस्तुस्थितीही पाहावी.

मडगावकरीण

आमच्या जुन्या घरात आजोबांच्या वेळचा पियानो आहे, म्हणून या चर्चेत आणखी एक वाद्य आणते. पियानोत पावसाळ्याचा परिणाम स्वरांवरच होतो आणि तो आपल्या अपेक्षेच्या उलट असतो. २३०च्या आसपास तारांचा एकूण ताण १५ ते २० टन असतो आणि त्याचा काही भार घोडीवाटे खालच्या लाकडी ध्वनिफलकावर येतो. पावसाळ्यात हा फलक फुगून वर उचलला जातो, तारा अधिक ताणल्या जातात आणि मधल्या सप्तकांतील स्वर चढतात. हिवाळ्यात ते परत उतरतात. शिवाय नमद्याच्या हातोड्या दमट होऊन आवाज बोथट होतो आणि त्यांच्या खुंट्या जाम होतात. आमच्याकडे ट्यूनर पाऊस संपल्यावर महिनाभर थांबून येतो, कारण लाकूड स्थिर होण्याआधी सूर लावण्याला काही अर्थ नसतो. खाडीपलीकडे यांनी पेटी सुरात लावून घ्यायची असेल तर तीही दिवाळीनंतर लावावी, असे मी सुचवेन.

सुतारपक्षी

मडगावकरीण ताईंच्या सूचनेत पेटीपुरता एक बदल करावा लागेल. वर म्हटल्याप्रमाणे पेटीचे स्वर लाकडाच्या फुगण्यावर अवलंबून नाहीत, त्यामुळे सूर लावण्याचे काम ज्येष्ठातही चालते. पट्ट्यांचे काम मात्र कोरड्या दिवसांतच करावे.

तारसप्तक

बुवांचा गळा का बसत नाही, या मूळ प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही. मी गाणे शिकवते, त्या अनुभवावरून लिहिते.

पेटी आणि कीबोर्ड दोन्ही सामान्यतः समान अंतराच्या १२ स्वरांवर लावलेले असतात. लगतच्या दोन स्वरांच्या कंपनसंख्यांचे गुणोत्तर सर्वत्र १.०५९४६ असते. तंबोऱ्यावर गाणारा गळा मात्र गांधार (ग) षड्जाच्या (सा) सव्वापट लावतो. काळी एकचा (सप्तकातील पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज २७७.१८ हर्ट्झ धरला, तर गळ्याचा गांधार ३४६.४८ येतो आणि पट्टीचा ३४९.२३. पट्टीचा गांधार सुमारे १४ सेंट चढा आहे. पेटीचा आवाज अखंड आणि उपस्वरांनी (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतील स्वरांनी) भरलेला असल्यामुळे षड्जाचा पाचवा उपस्वर आणि या गांधाराचा चौथा उपस्वर एकमेकांना घासतात, आणि सेकंदाला ११ ठोक्यांचा थरथराट उमटतो. पंचमाच्या बाबतीत असे ठोके सेकंदाला एकाहूनही कमी पडतात, म्हणून तो कोणालाच खटकत नाही. पियानोत आवाज छेडल्याबरोबर विरू लागतो आणि तारांच्या ताठपणामुळे उपस्वर मुळातच किंचित चढे असतात, म्हणून तिथे हा थरथराट कानाला तितका लागत नाही.

आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ मध्ये शिथिल झाली, त्या वादात मींडेच्या (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याच्या) अभावाइतकाच हा गांधारही होता. त्यावर उपाय शोधण्याची धडपड महाराष्ट्रात जुनी आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच श्रुतींची (१२ स्वरांहून सूक्ष्म स्वरस्थानांची) पेटी घडवण्याचा प्रयत्न केला. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी केली. साध्या पेटीवर गांधार ट्यूनिंग करून घेण्याची पद्धतही आपल्याकडे आहे. त्यात एकच षड्ज धरून बाकीचे स्वर त्याच्या नैसर्गिक गुणोत्तरात लावतात. तुमच्या बुवांची पेटी तशी लावलेली असेल, तर कीबोर्डाच्या गांधारावर त्यांचा गळा अडणे स्वाभाविक आहे.

वीजतंत्री

तारसप्तक ताई, याच मुद्द्यावर कीबोर्ड पेटीच्या पुढे आहे. मध्यम किमतीच्या अनेक कीबोर्डांत प्रत्येक स्वर काही सेंट वर-खाली करण्याची सोय असते. गांधार १४ सेंटने उतरवून ती मांडणी जतन केली की एका बटणावर ती परत मिळते. पेटीत त्यासाठी कानस चालवावी लागते आणि घासलेले पितळ परत येत नाही. स्केल चेंजरच्या पेटीत तर गांधार ट्यूनिंगला अर्थच उरत नाही, कारण तिथे पट्ट्यांचा सांगाडाच सुरांवरून सरकतो आणि उतरवलेला गांधार भलत्याच स्वराच्या जागी येऊन बसतो.

कातळशिल्प

थोडा इतिहास, कारण "यंत्र" विरुद्ध "वाद्य" ही विभागणी मला पटत नाही. पेटी हेही परदेशातून आलेले यंत्रच आहे. हार्मोनियम १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबेन याने रूढ केले. ते पायाने भाता मारण्याचे होते. हाताच्या भात्याची, मांडी घालून वाजवण्याची पेटी कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांच्या नावाशी जोडली जाते.

त्याआधी सुमारे १७०० साली फ्लॉरेन्समध्ये क्रिस्तोफोरी याने तार छेडण्याऐवजी हातोडीने ठोकण्याची युक्ती केली आणि बोटाच्या जोरावर आवाज लहान-मोठा करता येऊ लागला. १९३५ मध्ये आलेल्या हॅमंड ऑर्गनमध्ये दातेरी पोलादी चकत्या तारेचे वेटोळे गुंडाळलेल्या चुंबकापुढे फिरत आणि त्यातून स्वर निघत. वुर्लिट्झरच्या १९५० च्या दशकातील विद्युत पियानोत तर मृगनक्षत्र यांनी वर्णन केलेली जीभच आहे, फक्त ती पोलादी असून हवेऐवजी हातोडीने वाजते. तिच्या टोकावर शिशाच्या डाकाचा ठिपका असतो; तो घासून कमी केला की सूर चढतो. जॉन चाउनिंगने स्टॅनफर्डमध्ये शोधलेल्या एफएम पद्धतीवरचा (एका लहरीने दुसरीची कंपनसंख्या हलवून स्वर घडवणारा) यामाहाचा डीएक्स-७ हा कीबोर्ड १९८३ मध्ये आला आणि तिथे हलणारा भाग फक्त पट्टीपुरता उरला.

रिकामा भाता

धागा पॅरिसमार्गे अमेरिकेत पोहोचला आहे. देवगडला परतणारी शेवटची गाडी कोणी सांगेल काय?

मृगनक्षत्र

परत आणतो. तारसप्तक ताईंनी स्वरस्थानांचा फरक सांगितला, पण बुवा गांधार ट्यूनिंग नसलेल्या पेटीवरही सुखाने गातात आणि कीबोर्डावर अडतात, असे मी पाहिले आहे. त्याला आणखी कारणे आहेत.

कीबोर्डातील पेटीचा आवाज हा खऱ्या पेटीचा ध्वनिमुद्रित नमुना असतो. आरंभ एकदा वाजतो आणि पुढे छोटा तुकडा पुनःपुन्हा फिरवला जातो. खऱ्या पेटीत भात्याचा दाब सतत बदलतो आणि त्याबरोबर आवाजाचा जोर बदलतो. दाब वाढला की सूर अगदी किंचित उतरतोही. खर्ज आणि नर सूर एकत्र वाजताना त्यांच्यातील सूक्ष्म तफावतीने आवाजात हालचाल राहते. फिरवलेल्या तुकड्यात तीच हालचाल पाठ केल्यासारखी परत परत येते.

खर्जाचा प्रश्नही आहे. काळी एकच्या खर्जातील षड्ज १३८.६ हर्ट्झचा आहे आणि त्याखालचा ६९.३ हर्ट्झचा. कीबोर्डाच्या तळहाताएवढ्या स्पीकरला हा खालचा स्वर नीट हलवता येत नाही. उपस्वरांवरून मेंदू तो भरून काढतो, म्हणून ऐकणाऱ्याला तो "आहे" असे वाटते. परंतु मांडीला टेकलेल्या पेटीच्या लाकडातून गायकाच्या अंगाला जी थरथर जाणवते, ती तिथे नसते.

तारसप्तक

मृगनक्षत्र सरांच्या मुद्द्याला व्यवहाराची जोड देते. कीबोर्ड घेणारच असाल तर पेटीचा आवाज निवडल्यावर "टच" (पट्टी दाबण्याच्या जोरानुसार आवाज बदलण्याची सोय) बंद करावा. पेटीत पट्टी किती जोराने दाबली याचा आवाजाच्या मोठेपणाशी संबंध नसतो, तो भात्याशी असतो. टच चालू ठेवला की पेटीवर तयार झालेल्या हाताचे काही स्वर उगाच ओरडतात आणि काही पडतात. आवाज कमी-जास्त करण्यासाठी पायाचे एक्स्प्रेशन पेडल जोडावे. भात्याच्या जवळ जाणारी तेवढी एकच सोय आहे. स्पीकर श्रोत्यांकडे तोंड करून ठेवतात, तो बुवांकडे वळवावा. स्वतःचा आधारस्वर ऐकू आला नाही तर कोणाचाही गळा बसणार नाही.

चिवला बीच

मग कीबोर्डही कशाला, टॅब्लेटवरचे हार्मोनियमचे अ‍ॅप आणि ब्लूटूथ स्पीकर पुरे. आमच्या वाडीतील मुले तेच वापरतात.

वीजतंत्री

ब्लूटूथने आवाज पोहोचायला सेकंदाचा दहावा-पाचवा भाग लागतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दशांश सेकंदाच्या उशिराने वाजणारी पेटी ३४ मीटर दूर, थेट शेजारच्या खळ्यात, बसून वाजवल्यासारखी आहे. संथ अभंगात ते खपून जाईल, परंतु डबलबारीच्या (दोन भजनी मंडळांच्या सामन्याच्या) द्रुत लयीत पखवाजवाला उठून जाईल. वायर लावलीत तर तक्रार नाही.

खाडीपलीकडे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज बुवांना विचारले. पेटी गांधार ट्यूनिंगची नाही, कारण आमच्याकडे दोन गाणारे आहेत. बुवा काळी दोनमध्ये गातात आणि दुसरे गृहस्थ पांढरी पाचमध्ये. त्यामुळे मृगनक्षत्र सरांची कारणे इथे अधिक लागू पडतात असे दिसते. बैठकीत मी असे मांडणार आहे की वर्गणीतून आधी पेटीचा भाता, कमान्या आणि सूर दुरुस्त करावेत आणि उरलेल्या पैशांत मुलांना शिकण्यासाठी साधा कीबोर्ड घ्यावा. मुंबईकर मंडळी मानतील की नाही, सांगता येत नाही.

एकच प्रश्न उरतो. पेटी ठेवायची कुठे? मंदिराच्या खोलीत आमचे जुने लोक लाकडी कपाटात विजेचा बारका दिवा लावून ठेवतात. त्याने खरोखर काही होते का?

मृगनक्षत्र

होते. दिवा हवेतील पाणी काढत नाही, तो फक्त हवा गरम करतो. पण गरम हवेची बाष्प धरण्याची क्षमता अधिक असल्यामुळे सापेक्ष आर्द्रता घटते. बाहेर २७ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल आणि कपाटात ३२ अंश झाले, तर आत ती ६७-६८ टक्क्यांवर येते. समुद्रकाठी हा फरक निर्णायक ठरतो, कारण साधे मीठ सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेले की हवेतील पाणी ओढून विरघळते आणि पितळ खाणारा खारट ओलावा सुरांवर तयार होतो. त्या आकड्याच्या खाली तेच मीठ कोरडे पडून राहते.

मात्र उष्णता देणारा जुन्या पद्धतीचा कमी वॅटचा दिवा हवा, एलईडीने काही साधणार नाही. दिवा कपाटाच्या तळाशी, जाळीच्या आड आणि भात्याच्या कापडापासून दूर ठेवावा.

सुतारपक्षी

कपाटात ठेवण्यापूर्वी पेटीचे सर्व खटके (सुरांकडे हवा सोडणारे पुढचे दट्टे) आत ढकलून बंद करावेत, म्हणजे सुरांच्या कप्प्यात हवेबरोबर कीटक शिरत नाहीत. भाता मिटून हुक लावावा. पेटी भिंतीला टेकवू नये, आणि आठवड्यातून एकदा सगळ्या पट्ट्या खालपासून वरपर्यंत वाजवून ठेवाव्यात. दबका झालेला सूर गणपतीच्या आदल्या दिवशी सापडला, तर वरचे झाकण काढून त्या जिभेखालून कोऱ्या पातळ कागदाची पट्टी रिबेटाकडून टोकाकडे एकदाच हलक्या हाताने ओढावी. जीभ नखाने वर उचलू नये. ती वाकली तर बोलायला उशीर करते, आणि मग ते काम घरी होत नाही.